तीन गरुड आणि एक स्टूल

“…आणि तिसऱ्यात?” उस्तादांनी विचारलं.

“तिसऱ्यात घोडा आत गेला, उस्ताद! बाहेरून दिसतच नाही. खिशातून काढताना कापडात अडकायला नको म्हणून.”

अभिराम पिसे असा काही बोलत होता, की मधे श्वास घेतो की नाही तेच कळेना.

मी शेजारचा घड्याळजी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की उस्तादांच्या बाकावर जाऊन बसतो. उस्ताद म्हणजे गंगाजी साबळे, पलटणीत हत्यारं राखणारे जुने आर्मरर. निवृत्त झाल्यावर कराडात हत्यारदुरुस्तीचं परवान्याचं दुकान घातलं. अभिराम वर्षभर त्यांच्या हाताखाली शिकत होता. आज त्याला उस्तादांची शिफारशीची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी मिळाली तर सोमवारपासून शस्त्रसंग्रहालयात नोकरी. नाही मिळाली तर नाही. पोरगं रात्रभर झोपलं नव्हतं म्हणे.

टेबलावर तीन रिव्हॉल्व्हर मांडलेली होती. ‘गरुड’ त्यांचं नाव. कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झाली. घोडा हाताने न ओढता नुसता चाप दाबला तरी चालणारी जात.

शेजारी कोरा कागद. उस्तादांच्या हातात पेन, टोपण काढलेलं.

“पहिल्या आणि दुसऱ्यात फरक काय?”

“किती सांगू!” अभिरामने पहिलं उचललं. “ही मुठीखालची कडी बघा, दोरी अडकवायला. दुसऱ्यात ती गेली. इथे बाजूला चार स्क्रू, तिथे तीन. ह्याची नळी पाच इंच, त्याची चार.”

उस्तादांनी स्टूल जरा डावीकडे सरकवलं.

“आणि गोळ्यांचं चक्र उघडायची कळ! पहिल्यात मागे ओढायची, दुसऱ्यात पुढे ढकलायची.” त्याने दुसरं उचलून पहिल्याशेजारी धरलं.

उस्तादांनी स्टूल उजवीकडे सरकवलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याची कंबर धरली असणार.

“लोक गोंधळतात, उस्ताद. दुसऱ्यातही आधी थोडी पाच इंची नळीची निघाली होती. लोक त्यांनाच पहिलं मॉडेल समजतात! मी नाही फसणार. डोळे मिटून सांगतो.”

आणि मिटले की हो डोळे! तिन्ही रिव्हॉल्व्हर एकेक करून हातात घेतली, चाचपली, फिरवली. पहिलं. तिसरं. दुसरं. तिन्ही बरोबर.

तेवढ्यात स्टूल तीनदा सरकलं. शेवटी उस्ताद जवळजवळ दारातच पोचले होते.

मी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवायच्या? असं डोकं लाखात एखाद्याचं.

अभिरामने डोळे उघडले आणि समोरची जागा रिकामी बघून चमकला. “उस्ताद… तिकडे कुठे गेलात?”

उस्ताद त्याच्या हातांकडे बघत होते.

“उस्ताद, काही चुकलं का?”

“फरक सगळे बरोबर सांगितलेस.”

“मग?”

उस्ताद उठले. त्याच्या हातातलं रिव्हॉल्व्हर घेतलं, नळी भिंतीशी रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे केली, कळ पुढे ढकलली. चक्र बाहेर आलं. त्यांनी ते टेबलावर उपडं केलं.

टप्. टप्. टप्.

तीन फुटाणे.

अभिरामचा चेहरा पांढरा पडला. “पण… कालच मी स्वतः साफ करून ठेवली होती. रिकामी होती, उस्ताद. देवाशपथ.”

“होती.”

“तुम्ही घातलेत?”

“मी घातले. सकाळी.”

“म्हणजे फुटाणेच आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी स्टूल सरकवत होतात?”

उस्तादांनी एक फुटाणा फुंकून तोंडात टाकला. “ठाऊक होतं. तरी सरकवत होतो.”

मग मला घाम फुटला. अहो, म्हातारा नळीसमोरून सरकत होता, आणि मी तिथेच बसून टाळ्या पिटत होतो! “उस्ताद,” मी म्हटलं, “निदान मला तरी एक कोपर ढोसायचं!”

“तुला कशाला? तुझं लक्ष गोष्टीत होतं.”

हसू आलं मला, काय करणार! अभिरामला नाही आलं. त्याचे डोळे भरून आले होते. पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट, हत्यार हातात आलं की आधी उघडून बघायचं, आणि शेवटच्या दिवशी नेमकी तीच राहिली.

उस्तादांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

“उद्या ये,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी त्यांच्याकडे गेलो. खोटं कशाला बोलू, ह्या वेळी बाकाच्या पार टोकाला बसलो.

टेबलावर तेच तीन गरुड. कोरा कागद. उस्ताद उभे होते, स्टूल दाराशी.

अभिरामने नमस्कार केला. पहिलं उचललं. नळी पोत्यांकडे. चक्र उघडलं. उजेडात धरून सहाही घरं बघितली, प्रत्येकाला करंगळीचं टोक लावलं. उघडंच खाली ठेवलं.

“मॉडेल कुठलं?” उस्तादांनी विचारलं.

“रिकामं आहे, उस्ताद.”

“मी मॉडेल विचारतोय.”

“हो. पण अजून दोन बघायची राहिलीत.”

“एवढं तोंडपाठ आहे तुला, एका नजरेत सांगशील की!”

“सांगीन. आधी बघू द्या.”

त्याने दुसरं उचललं. नळी पोत्यांकडे. चक्र. सहा घरं. करंगळी. मग तिसरं. तेही तसंच. जराही घाई नाही. मीच चुळबुळत होतो.

उस्तादांनी दाराशी जाऊन स्टूल उचललं. आणून टेबलाला अगदी चिकटून ठेवलं, बरोब्बर अभिरामच्या समोर, आणि ऐसपैस बसले.

खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. कागद पुढे ओढला.

“हं,” ते म्हणाले, “वडिलांचं नाव काय रे तुझ्या?”