प्रतीक्षेचा रकाना

एकदा एका आडगावच्या सरकारी शाळेत एक तक्ता आला. तक्ते येतच असतात. शाळा त्यासाठीच काढलेल्या आहेत असे काही कार्यालयांचे प्रामाणिक मत आहे. हा तक्ता मात्र जरा निराळा होता. त्या शाळेत नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी वीजमोटार दुरुस्तीचा एक वर्ग चालत असे, आणि त्या वर्गात शिकून त्याच कामावर पोट भरणारे माजी विद्यार्थी आज किती कमावतात, हे तक्त्याला जाणून घ्यायचे होते. सोबतच्या पत्रात सौम्य शब्दांत लिहिले होते की, शिक्षणाचा परिणाम उत्पन्नावर दिसत नसल्यास वर्ग पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता तपासण्यात येईल. ज्यांनी आयुष्यात चार सरकारी पत्रे वाचली आहेत, त्यांना पुढचे सांगावे लागत नाही. वर्गाच्या खोलीला कुलूप कोणते लावायचे, एवढेच ठरायचे उरलेले असते.

वर्ग चालवत होती वैजयंता. कंत्राटी निदेशिका, दर जूनला तिची नेमणूक नव्याने होत असे. पंधरा वर्षांपूर्वी याच खोलीत, वीस मुलांत एकटी मुलगी म्हणून बसून, ती विश्राममास्तरांच्या हाताखाली मोटार भरायला शिकली होती. जळलेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तार मोजून वेढे देत भरायची, हे ते काम. मास्तर निवृत्त झाले तेव्हा खोलीची किल्ली त्यांनी तिच्याच हातात दिली होती. ती किल्ली आता एका तक्त्यामुळे जाते की काय, या विचाराने तिची झोप उडाली.

तिने सात माजी विद्यार्थ्यांची यादी केली. सातही जणांची दुरुस्तीची दुकाने आसपासच्या गावांत होती. वही घेऊन ती एकेकाकडे गेली आणि महिन्याला किती मिळतात ते विचारले. प्रत्येकाने तिला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद आणला आणि त्यावरचा आकडा वाचून दाखवला.

तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. मुलांच्या फीसवलतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी तो लागतो, आणि जो तो आपले उत्पन्न स्वतःच लिहून देतो. त्या भागात पक्की घरे झाली, दारोदार दुचाक्या आल्या, पण दाखल्यावरचा आकडा डोंगरासारखा जागचा हलला नाही. वर्षाला चोवीस हजार. यादीतल्या इरफानने गेल्याच साली मोटारींची ने-आण करायला टेम्पो घेतला होता. त्याचा दाखला त्या टेम्पोतच ठेवलेला होता. यात लबाडी कोणाच्या मनात नव्हती. शाळेच्या माणसाने कागद घेऊन उत्पन्न विचारले की दाखला काढायचा, ही तिथली रीत होती, आणि रीतीला माणसे विचार न करता धरून असतात.

तुलनेसाठी तक्त्यात दुसरा भाग होता : मोटारवर्गाला न बसता पुढे पदवी घेतलेले विद्यार्थी. ते शहरात असल्यामुळे त्यांची माहिती त्यांच्या आयांनी दिली, आणि ती मुलाच्या लग्नासाठी छापून घेतलेल्या परिचयपत्रकावरून दिली. त्या पत्रकांवरचे आकडे ओढाळ वासरासारखे असतात. दर लग्नसराईला थोडे पुढे गेलेले दिसतात.

बेरीज-भागाकार झाला. काम शिकलेल्याची महिन्याची सरासरी दोन हजार, न शिकलेल्याची अडतीस हजार. हेडमास्तरांनी चष्मा पुसून आकडे दोनदा पाहिले.

"बाई," ते म्हणाले, "या हिशेबाने मोटार शिकवणं हा गुन्हाच झाला की."

त्याच संध्याकाळी वैजयंता मास्तरांकडे गेली. मास्तर ओट्यावर बसून शेजारणीच्या पंख्याला वंगण घालत होते. तिने सगळे सांगितले आणि शेवटी अडखळत विचारले, की आकडे आपणच अंदाजाने वाढवून लिहिले तर चालेल का. खरे उत्पन्न त्याहून जास्तच आहे, हे सगळ्यांना दिसते आहे.

मास्तरांनी पंख्याचे पाते फिरवून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेत आले. वर्गाच्या फळीवरून त्यांनी जुनी अर्ध्या एचपीची मोटार खाली काढली, वैजयंताकडे पाठ करून स्क्रू-ड्रायव्हरने काहीतरी खुडबुड केली आणि झाकण बसवून मोटार तिच्यापुढे ठेवली.

"ही बंद आहे. सातही जणांकडे ने. कमाईचं नाव काढू नकोस. कधी मिळेल, एवढंच विचार."

"मास्तर, मला येते की दुरुस्त करायला."

"तुला येते म्हणूनच सांगतोय. हात लावायचा नाही."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो असे म्हणतात; मास्तर तरुणपणीही असेच होते. वैजयंताने मुकाट्याने मोटार स्कूटीवर पायांपाशी ठेवली आणि निघाली.

इरफान तिच्याच वर्गातला. त्याने मोटारीकडे आणि मग तिच्याकडे पाहिले. "काय वैजूताई, शिकवणारे दमले वाटतं? आता आमच्यासारख्या नापासांकडे?" परीक्षेच्या गडबडीत वेळ नाही, असे तिने सांगितले. त्याने भिंतीवरची वही काढली, बोट खाली सरकवत नेले आणि म्हणाला, वीस दिवस. तेही तुझी म्हणून, दुसऱ्याला महिना सांगितला असता. संपतने मान वर केली नाही. ताडपत्रीखालच्या ढिगाकडे नुसते बोट केले. बाजारगावातला तिसरा तिच्याशी बोलत असताना तीनदा फोन वाजला, आणि तिसऱ्या वेळी त्याने समोरच्याला सांगितले की तुमची मोटार निघालीच आहे. ती मोटार त्याच्या पायाशी अठरा तुकड्यांत पडलेली होती. चौथ्याने बारा दिवस सांगितले, पाचव्याने पंधरा. सहावा म्हणाला, आजच्या आज हवी असेल तर नवीच घे, ताई.

सातवे दुकान भानुदासचे. बाजाराच्या मागच्या बोळात, बंद पडलेल्या गिरणीसमोर. भानुदास परवाचे वर्तमानपत्र वाचत बसला होता आणि त्याचे काम करायचे टेबल स्वच्छ होते. दुरुस्तीच्या दुकानात टेबल स्वच्छ असणे हे काही शुभलक्षण नव्हे. वैजयंताला पाहून तो लगबगीने उठला. कधी मिळेल, हे तिने विचारायच्या आतच त्याने झाकण उघडले होते.

आत पाहून तो हसला. "ताई, ही जळलेली नाही. कपॅसिटरची वायर सोडवलीय कोणीतरी. आणि सोडवणारा साधा नाही, बघा. उघड्या टोकाला पट्टी गुंडाळून ठेवलीय. आपले मास्तर सोडून एवढं कोण करतं?"

त्याने वायर जोडली, मोटार चालू केली, तिच्यावर तळवा ठेवून डोळे मिटून क्षणभर आवाज ऐकला आणि बंद केली. पैसे किती, म्हटल्यावर त्याला नवल वाटले. पाच मिनिटांच्या कामाचे काय घ्यायचे, असे तो म्हणाला. वैजयंता परत निघाली तेव्हा त्याचे टेबल का रिकामे आहे ते तिला कळले होते, आणि कळल्याचे वाईट वाटत होते.

मास्तर वर्गातच बसून होते. तिने एकेकाचा वायदा सांगितला, मग भानुदासचे सांगितले आणि म्हणाली, की याला यादीतून वगळावे. त्याच्या नावामुळे बाकीच्यांचे बिघडेल.

तेव्हा मास्तर बोलले.

"पोरी, तू त्यांना उत्पन्न विचारलंस. उत्पन्न विचारलं की माणूस दाखल्याकडे बघतो, नाहीतर सोयरिकीकडे. काम विचारलं की वहीकडे बघतो. वहीत खोटं लिहून चालत नाही. दारात शेतकरी उभा राहतो. सहा जणांनी तुला सांगितलं की हे काम लोकांना हवंय. पण त्यांतल्या एकानंही झाकण उघडलं नाही. त्यांना वेळ नव्हता, त्यांचा दोष नाही. आपण इथं काय शिकवलं, ते एकट्या भानूनं दाखवलं. आधी उघडून बघ, मग बोल, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायचो. त्याला वगळलंस, तर तक्ता भरेल आणि वर्ग रिकामा होईल. आकडा तू वाढवूही नकोस आणि झाकूही नकोस. त्यांनी सांगितलं ते लिही, आणि शेजारी तुला दिसलं ते लिही."

मास्तरांनी तिची यादी हातात घेतली.

"किती नावं आहेत?"

"सात."

"इथं शिकून याच कामावर पोट भरणारी आठ आहेत."

तिला उमजायला वेळ लागला नाही. आपले मानधन लिहायची लाज वाटून तिने आपलेच नाव सोडले होते. तिने पट्टी घेऊन तक्त्याच्या कडेला एक नवा रकाना आखला आणि वर लिहिले : प्रतीक्षा. सात नावांपुढे वायदे भरले. इरफानपुढे वीस दिवस, भानुदासपुढे 'प्रतीक्षा नाही. मोटार उघडून पाहून लगेच दिली, पैसे घेतले नाहीत.' मग आठवे नाव लिहिले, त्यापुढे आपले मानधन, जेवढे होते तेवढेच. प्रतीक्षेच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

"तुझ्या दारात कोण उभं असतं?" मास्तरांनी विचारले.

वर्गाला जागा वीस होत्या. यंदा नावे चौतीस आली होती. तिने लिहिले : चौदा विद्यार्थी, एक वर्ष.

तपासणीला साहेब आले. छापील तक्त्यात हाताने आखलेला रकाना पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण रकाने वरून खाली येतात, खालून वर जात नाहीत. दोन हजार कमावणाऱ्याकडे वीस दिवसांची रांग कशी, असे त्यांनी विचारले. हेडमास्तर घोटभर पाणी प्यायले. वैजयंताने जसे घडले तसे सांगितले. दाखला, परिचयपत्रक आणि मोटार, काही न लपवता. साहेब बराच वेळ भानुदासच्या नावापाशी थांबले. त्यांना स्वतःला दोन मुले होती आणि त्यांच्या घरीही तशीच एक पिशवी असावी, कारण दाखल्याविषयी त्यांनी पुढे काहीच विचारले नाही. जाताना त्यांनी भानुदासचा पत्ता तेवढा टिपून घेतला. तो सरकारी कामासाठी नव्हता.

वर्ग राहिला. दुसऱ्या साली तर सगळ्या जिल्ह्याच्या तक्त्यात प्रतीक्षेचा रकाना छापून आला, आणि त्या साली एक भानुदास सोडला तर जिल्ह्यातल्या एकाही दुकानदाराने तक्ता घेऊन आलेल्या माणसाला महिन्याच्या आतला वायदा सांगितला नाही. वैजयंताने ही गोष्ट मास्तरांना सांगितली तेव्हा ते एवढेच म्हणाले, की मग आता पुन्हा मोटार घेऊन निघावे लागेल.

त्याआधीच तिने एक काम केले होते. ती इरफानकडे गेली आणि त्याच्या वहीतले बारा दिवसांपलीकडचे काम भानुदासकडे पाठवायचे ठरवून आली. इरफानने थोडी कुरकुर केली, आणि मग पहिला टेम्पो स्वतःच नेऊन दिला.

भानुदासकडे आता आठ दिवसांचा वायदा असतो. पण वायदा सांगण्याआधी तो झाकण उघडून पाहतो.