सातूची दाढी

"मार्गशीर्षभर माझ्या चाळीस गाई याच शेतात हिरवं चरल्या पाहिजेत, आणि शिमग्याला याच शेतातून माझ्या कोठारात धान्यही आलं पाहिजे! नाही आलं, तर गावाचं गायरान माझ्या शिकारीला!"

विहिरीजवळच्या शेताकडे बोट दाखवून कण्हेरगडच्या भैरोजीराजांनी हुकूम सोडला आणि मिशीला पीळ देत ते निघून गेले. गायरानावर त्यांचा डोळा होताच. उगाच घेतलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून ही अट!

राजांचा गुराखी गोंदाजी कपाळाला हात लावून बसला. "गाईंनी खाल्लं तर धान्य कुठलं? अन् धान्य राखलं तर गाई काय वारा खातील? राही, गायरान गेलं तर गावची गुरं उपाशी मरतील गं!"

त्याची सून राही शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाली, "मामंजी, आधी पेरायचं काय ते ठरवू."

"शाळू पेरू."

"कोवळा शाळू पोटात गेला की गाय आडवी! मग तिच्या दाव्याला राजे आपल्यालाच बांधतील."

"मग हरभरा?"

"चाळीस गाईंची पोटं नगाऱ्यासारखी फुगली तर वाजवायला कोण बसणार? सातू पेरू, मामंजी. माझ्या माहेरी सातू वीतभर झाला की त्यात एकदा गुरं फिरवतात."

आश्विनात सातू पेरला. मार्गशीर्षात राही रोज एकेक पट्टा गाईंना मोकळा करायची आणि काठी घेऊन स्वतः उभी राहायची. दोन बोटं खुंट उरला की, "हो पुढं!" एकाही गाईला तिनं एका जागी घास जास्त घेऊ दिला नाही. दूध घट्ट झालं, गाई चकाकू लागल्या. महिना सरला, सातू कांडी धरायच्या, म्हणजे खोड वर चढायच्या आत तिनं गाई बाहेर काढल्या.

नेमके त्याच दिवशी राजे आले. नुकतेच न्हाव्यापुढून उठलेले, हनुवटी तुळतुळीत!

"शेत बोडकं! आता कुठलं धान्य? गायरान माझं!"

गोंदाजीनं राजांचे पाय धरले. राही मात्र पदर सावरून पुढं झाली. "सरकार, न्हावी आपली दाढी किती वर्षं करतोय?"

"तीस!"

"तरी ती पुन्हा येतेच?"

"येणारच! तो केस कापतो, हनुवटी नाही कापत!"

"आपल्या गाईंनीही तेवढंच केलंय, सरकार. हनुवटी शाबूत आहे."

राजे चिडले. "तुझं शेत माझ्या दाढीची बरोबरी करणार?"

"मग लावा पैज! आजपासून वस्तरा बंद. शिमग्याला बघू कुणाची दाढी भारी!"

"लावली!" राजे गरजले. हट्टी माणसाला पैज म्हणजे गुळाची ढेपच.

राही शेताला पाणी देत राहिली. गोंदाजी रोज पहाटे जाऊन वाकून खुंट बघायचा आणि देवाला हात जोडायचा. तिकडे राजे दरबारात दाढी खाजवायचे. राणीसाहेब म्हणाल्या, "अहो, माणसात या!" पण राजे कसले ऐकतात!

शिमगा आला. वाढलेली दाढी कुरवाळत राजे शेतावर पोचले. समोर सोनेरी सातू डुलत होता. ओंबी ओंबीला लांबलचक कुसळं! सगळं शेतच दाढी वाढवून उभं होतं. पण हार मानतील ते राजे कसले!

"बघ! तुझी कुसळं विरळ, माझी दाढी दाट! हरलीस!"

"खरंच, सरकार, दाढी आपलीच दाट!" राहीनं वाकून मुजरा केला. "आता दोन्ही खळ्यावर नेऊ, मळू, पाखडू. आपल्या दाढीतून किती पोती निघतात, तेवढं बघू!"

राजांचा दाढीवरचा हात तिथंच थांबला. मग ते असे खो खो हसले की झाडावरचे पोपट उडाले!

"हरलो, पोरी, हरलो! गायरान गावाचंच! ताम्रपट लिहून देतो. अन् माझ्या गाईंतली कपिला तुझ्या दारी बांध! अरे, कोण आहे तिकडे? आधी त्या न्हाव्याला बोलवा!"

"बोलवा," राही म्हणाली, "पण त्याला सांगा, दोन बोटं खुंट ठेव! आश्विनात पुन्हा पेरायचंय. तेव्हा पैज लागलीच तर?"