एका घराच्या दोन किमती

मालनबाई वाघचौरे यांची घरपट्टी एका वर्षात तिप्पट झाली. निवृत्त नर्सच्या पेन्शनमध्ये ती बसणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी हरकत घेतली. सुनावणीला नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं आणि मुख्याधिकारी एकेकाला दोन मिनिटांत वाटेला लावत होते. मग मालनबाईंची पाळी आली.

"बाई, घर पक्कं आहे, भर रस्त्यावर आहे," साहेब मान वर न करता म्हणाले. "पट्टी कमी होणार नाही. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर जप्ती येईल."

"घर इतकं मोलाचं आहे, हे लेखी द्याल का, साहेब?"

"लेखीच आहे. पट्टीच्या या नोटिशीवर माझी सही आहे."

मालनबाईंनी पिशवीतून दुसरा कागद काढला.

"रस्ता रुंद करायला तुम्ही याच घराच्या पुढच्या दोन खोल्या घेताय, त्याची ही नोटीस. यात लिहिलंय, घर मोडकळीला आलेलं, जागा आडबाजूची, म्हणून भरपाई थोडी. खाली सही तुमचीच."

मालनबाईंनी तो कागद पट्टीच्या नोटिशीशेजारी ठेवला.

"दोन्हींतली कुठलीही किंमत मला कबूल आहे, साहेब. फक्त एकच ठरवा आणि दोन्ही कागदांवर तीच लिहा."

साहेबांनी दोन्ही सह्या पाहिल्या. मग त्यांनी नवा आकडा खोडून जुनी पट्टी कायम केली.

"पुढचे," ते हळूच म्हणाले.

पुढचे अकराजण त्याच रस्त्यावरचे होते, आणि प्रत्येकजण आपली पिशवी चाचपत होता.