जाड ॲक्सल आणि बारका क्रॉस

यंत्रांचे भागही आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. खडकांवर चढणाऱ्या एका जीपला मालकाने मोठे टायर आणि चाकं फिरवणारा जाडजूड ॲक्सल बसवला. इंजिनाचा जोर ॲक्सलपर्यंत पोचवणारा छोटा क्रॉस मात्र जुनाच राहिला. तो गाडीखाली, नजरेआड. कोण वाकून बघतंय?

"दादा, एवढाल्या चाकांचं ओझं मला झेपेल का हो?" क्रॉसने विचारलं.

"गप रे बारक्या! माझी मांडी बघ, मग बोल," ॲक्सल म्हणाला.

ओढा ओलांडताना ब्रेक भिजून धरेनासे झाले आणि लगेच जीप उभ्या कातळावर चढू लागली. अर्ध्यावर चाक खाचेत अडकलं. मागे दरी होती.

"लावा जोर!" ॲक्सल ओरडला. तोच क्रॉसमधून कट्ट आवाज आला.

"मी तुटलो तर सगळेच खाली जाऊ!" तो कळवळला.

इंजिनाचा जोर पुढे सोडणारा पहिला गिअर थबकला. "बाळा, तुला किती झेपतं ते सांग. तेवढाच जोर लावू."

"थोडा... अजून थोडा... बस!"

इंचाइंचाने चाक निघालं आणि जीप माथ्यावर पोचली. समोर दुसरा कातळ उभाच होता. ॲक्सलने घसा खाकरला.

"बारकूशेठ, तुम्ही म्हणाल तेव्हा निघू."