डोमाजीचे खांब

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते मला विचारू नका, आमच्या हिवरटोल्यात कोणालाच ते धड सांगता येत नाही. तळ्याची पाळ तेव्हा नवी होती आणि कमळं इतकी होती की पाणी दिसायचं नाही, एवढंच ऐकलंय. त्या काळी गावात डोमाजी नावाचा धीवर राहायचा. पहाटे डोंगा घेऊन तळ्यात शिरायचा, जाळं टाकायचा, ऊन वर यायच्या आत मासोळी घेऊन काठाला लागायचा. काठावर त्याची बायको सयत्रा टोपली घेऊन उभी असायची. पार्बता ही त्यांची एकुलती एक लेक. तिच्या वेळच्या बाळंतपणाचे दिवस सोडले, तर डोंगा आला आणि सयत्रा काठावर नाही, असं कधी झालं नाही.

या डोमाजीला एक नाद होता, लाकूड कोरायचा. घराण्यात कोणी सुतार नाही, कोणी शिकवलेलं नाही, पण चाकू हातात आला की पळीच्या दांड्यावर वेल चढायचा, दाराच्या चौकटीवर मोर बसायचा. लेकीला खेळायला त्यानं एक बैल केला होता. असं म्हणतात की तो अंगणात ठेवला की गावच्या गाई थांबून हंबरायच्या. हसू नका, मी जे ऐकलं ते सांगतोय. लोक त्याला चिडवायचे, धीवरानं जाळं विणावं, ही सुतारकी कशाला? तो म्हणायचा, हौसेला मोल नसतं. आणि केलेली वस्तू चिडवणाऱ्यालाच देऊन टाकायचा.

मग एका उन्हाळ्यात देवीची साथ आली. घराघरातून माणसं गेली. सयत्रा वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

घरापासून तळ्यापर्यंतची वाट सरळ नव्हती. धानाच्या बांधांवरून जायची, मध्येच वळायची, आणि वळणाला खोल नाला होता. पार्बता आईचा हात धरून तिला काठावर न्यायची. चार दिवस सयत्रा गेली आणि मग जायची बंद झाली. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहायची. डोमाजीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाची म्हणाली,

"माझे डोळे गेले, पाय नाही गेले. मला कोणी ओढत न्यायला नको. माझ्या पायानं आले तर येईन, नाहीतर तुम्ही माझ्या तिसऱ्या दिवसाची तयारी करा."

डोमाजी घाबरला. बायको डोळ्यांदेखत विझत चाललेली, आणि आपल्या हातात काय, तर एक चाकू. त्यानं जंगलातून लाकडं आणली. वाटेवर दर पंधरा पावलांवर एक असे चाळीस खांब पुरायचे आणि प्रत्येक खांब वेगळा कोरायचा, म्हणजे हात लावला की आपण कुठं आहोत ते सयत्राला कळेल, असं त्याच्या मनात होतं. सहा महिने राबला. एकावर मोर, एकावर कमळ, एकावर वेलबुट्टी. बघायला पंचक्रोशीतून माणसं आली. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. सयत्रानंही चाचपून पाहिलं आणि छान झालंय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती एकटी निघाली. तिच्या बोटांना मोर आणि कमळ सारखंच लागलं. वळणाचा खांब कुठला ते उमगलं नाही, आणि ती नाल्यात पडली. हात मोडला.

तेव्हा डोमाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. एवढं सगळं त्यानं डोळेवाल्यांसाठी कोरलं होतं. त्यानं चाळीसच्या चाळीस खांब उपटले आणि चुलीला लावले. महिनाभर त्या घरात मोरावर भात शिजला. मग त्यानं पुन्हा लाकडं आणली, भरदुपारी अंगणात बसला, खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांवर करकचून बांधला आणि कोरायला लागला.

बोटं रोज कापायची. पार्बता रोज हळद भरायची आणि रडायची. असं म्हणतात, त्या दिवसांत तळ्यातला खंड्या त्याच्या खांद्यावर येऊन बसायचा, कारण डोळे बांधलेल्या माणसाला पाखरं भीत नाहीत. आता खांबांवर मोर नव्हते. एकावर सयत्राची बांगडी होती, एकावर लेकीचं लहानपणचं पाऊल, एकावर फणीचे दाते. वळणावर मासोळी होती, आणि जिकडं वळायचं तिकडं तिचं तोंड होतं. एकेक खांब तयार झाला की सयत्रा तिथवर एकटी जायची आणि एकटी परत यायची. जेवायला लागली. बोलायला लागली. नवऱ्याला चिडवायलाही लागली, की आंधळ्या सुतारा, हा दाता वाकडा झालाय.

एकोणचाळीस खांब झाले. चाळिसावा अगदी पाण्यापाशी, नुसता पुरलेला होता. आणि डोमाजीला हिवतापानं धरलं. पौषात तो अंथरुणाला खिळला. चाकू मागायचा, पण बोटांत ठरायचा नाही. शेवटच्या दिवशी सयत्रा उशाशी बसली होती. तो म्हणाला,

"एक राहिला गं. पाण्याजवळचा. त्यावर काहीच नाही. तू तळ्यात जाशील."

ती म्हणाली, "राहू द्या तसाच. ज्याच्यावर काही नाही तिथं पाणी, एवढं का मला कळत नाही?"

त्यानंतर तो शांत झाला. दिवस मावळायच्या आत गेला.

चौदाव्या दिवशी सयत्रा उठली आणि एकटी निघाली. सारा गाव मागं मागं, पण आवाज कोणी केला नाही. असं म्हणतात, त्या कडाक्याच्या थंडीत ते खांब उबदार लागत होते, आत्ताच कोणी हात काढून घेतल्यासारखे. शेवटच्या खांबावर तिचा हात पडला. तिनं तो वरपासून खालपर्यंत चाचपला. "पाणी आलं," म्हणाली, आणि नवरा गेल्यावर पहिल्यांदा रडली. पुढं ती पुष्कळ जगली आणि रोज त्या वाटेनं गेली. आता कोणाचा डोंगा यायचाय, असं एका बाईनं विचारलं, तर म्हणाली, पार्बताच्या बापानं माझ्यासाठी बोटं रक्ताळून घेतली, आणि मी घरात बसू?

आजही पौषात, डोमाजी गेला त्या दिवशी, हिवरटोल्यातले सगळे नवरे डोळे बांधून त्या वाटेनं चालतात. बायका पाण्यापाशी उभ्या राहतात. कुजलेला खांब बदलायचा तर गावातल्याच कुठल्या नवऱ्यानं डोळे बांधून कोरायचा, सुताराला द्यायचा नाही. शेवटच्या खांबाला मात्र चाकू लागत नाही. त्यावर हात ठेवून, बायकोसाठी आपलं काय करायचं राहिलं ते मोठ्यानं सांगायचं. कोणी म्हणतं माहेरी न्यायचं राहिलं, कोणी म्हणतं तुला काय हवं ते विचारायचं राहिलं. बायका तोंडाला पदर लावून हसतात, काही रडतात.

गेल्या साली आमचा लटारू म्हाताराही डोळे बांधून त्या वाटेनं चालला. त्याची बायको श्रावणातच गेली होती, पाण्यापाशी त्याची वाट बघायला कोणी नव्हतं. शेवटच्या खांबावर त्यानं हात ठेवला. "सगळंच राहिलं," एवढंच म्हणाला, आणि आम्ही त्याचा हात धरून त्याला घरी आणलं.