राघोचा सवाल

फार फार वर्षांपूर्वी आमच्या बंदरावर राघो आणि पोशा असे दोन कोळी होते. दोघांच्या होड्या एकाच सुताराने केलेल्या, जाळी एकाच सुताची. पण पोशाचं जाळं पापलेटांनी फाटायला यायचं, अन् राघोच्या जाळ्यात खेकडे. पोशाची टोपली दिसली की राघोच्या पोटात दुखायचं. घास घशाखाली उतरायचा नाही हो त्याच्या!

आता, दर्यावर निघालेल्याला "कुठं चाललास?" असं कुणी विचारत नाही. विचारलं तर त्याने पाऊल मागे घ्यायचं, त्या दिवशी होडी काढायची नाही. शेंबडं पोरही हे जाणतं. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या सकाळी पोशा वल्हं खांद्यावर टाकून निघाला, आणि राघोने मुद्दाम मागून हाक मारली, "काय रे पोशा, कुठं चाललास?"

पोशाने पाऊल मागे घेतलं. तसाच घरी परतला. राघो खुशीत पोशाच्याच जागेवर गेला, आणि त्याचं जाळं इतकं भरलं, इतकं भरलं की होडीची कड पाण्याला लागली. आता दाखवतो पोशाला, म्हणत त्याने होडी बंदराकडे वळवली. तोच पाण्यातून आवाज आला, "राघो, कुठं चाललास?"

विचारलं म्हणजे मागे फिरायचं! त्याने होडी फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा बंदराकडे तोंड केलं, पुन्हा तोच सवाल. तीन दिवस त्याला बंदर दिसत होतं आणि तो बंदराला लागत नव्हता, असं म्हणतात. मासळी कुजली, पण ती टाकवेना. पोशाने बघायला हवी होती ना!

चौथ्या दिवशी पोशा त्याला शोधायला निघाला. त्यालाही दर्याने विचारलं, "पोशा, कुठं चाललास?"

आजवर या सवालाला कुणी उत्तरच दिलं नव्हतं. पोशा ओरडला, "राघोला आणायला!" आणि दर्या गप्प झाला.

राघो ढसाढसा रडला. "तुझं भरलेलं जाळं मला बघवत नाही रे."

"ठाऊक आहे," पोशा म्हणाला. "दोर धर."

दोर धरण्याआधी राघोने पोशाच्या होडीत डोकावून घेतलं, असं म्हणतात. रिकामी होती. पोशाने जाळं आणलंच नव्हतं.

दुसऱ्या बंदरावर हा सवाल केलात तर शिव्या खाल. आमच्याकडे मात्र पुनवेनंतरच्या पहिल्या सकाळी राघोच्या घरातली थोरली बाई पुळणीवर उभी राहून विचारते, "कुठं चाललात रे?" आणि सगळ्या होड्यांतून एकच उत्तर येतं, "राघोला आणायला!"