धुक्यातला गोल

हिरण्यकेशी नदीच्या वळणावर कोवळी गावचं फुटबॉलचं मैदान आहे. इथे गोल झाला तरी लगेच कुणी ओरडत नाही. ज्याच्यावर गोल झाला तो गोलकीपर आधी स्वतः हात वर करतो, मगच बांधावरची माणसं उसळतात. परगावचे पाहुणे बुचकळ्यात पडतात. मग गावातले म्हातारे बाळगोंडा आण्णा त्यांना शेजारी बसवून घेतात आणि शिवलिंग हिरेमठाची गोष्ट सांगतात.

शिवलिंग हा जुन्या काळी गावातल्या पेठेच्या बलाढ्य संघाचा गोलकीपर. समोर विणकर गल्लीचा संघ, कसाबसा जमवलेला. पण त्यांच्यात इलाही मोमीन होता. त्याच्या पायाशी आला की चेंडू झोपल्यासारखा शांत व्हायचा, असं सांगतात. मागावर धाग्यांमधून धोटा सरकावा तसा इलाही माणसांमधून सरकायचा. पेठेतले लोकही हातातली कामं टाकून त्याला बघायला यायचे. त्या वर्षी मात्र त्याच्या छातीत दुखणं शिरलं होतं.

गावात दोन संघ म्हणजे रोजची भांडणं. म्हणून गावच्या पंचांनी ठरवलं, एक सामना खेळायचा आणि हरेल त्याने संघ मोडायचा.

हिवाळ्यातली सकाळ होती. सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात नदीवरून धुकं चढलं. असं धुकं पुन्हा कधी पडलं नाही, म्हणे. माणसं दिसेनाशी झाली, ओरडा आपोआप विरला. शिवलिंगाला वाटलं, सगळं मैदान पाण्याखाली गेलंय आणि आपण एकटेच उरलोय. फक्त चेंडूचा आवाज येत होता. मऊ, सावकाश, जवळ जवळ येणारा.

मग त्या पांढऱ्यातून इलाही आला. अनवाणी, तोंडावर दव, ओठांवर हसू. शिवलिंग बघतच राहिला. झेप घेतली तेव्हा चेंडू बोटांना चाटून खांबांच्या आत, ओल्या गवतात जाऊन थांबला होता. त्या काळी गोलच्या खांबांना जाळी नसायची. इलाही खोकत खाली बसला.

बांधावरून पंच धावत आले. "गोल का आऊट? कुणी बघितलं का रं?"

कुणीच बघितलं नव्हतं. पेठेचा कप्तान मल्लाप्पा, शिवलिंगाचा थोरला भाऊ, कानाशी लागला, "आऊट म्हण. न्हाईतर पेठ मोडंल."

शिवलिंगाच्या बोटांवर चेंडूचा ओलावा अजून होता. त्याने हात वर केला.

"गोल झालाय. मी बघितलाय."

मल्लाप्पाने तोंड फिरवलं. गल्लीची माणसं नाचू लागली, तेव्हा इलाही शिवलिंगाचा हात धरून उठला आणि पंचांना म्हणाला, "पेठ मोडली तर आमी खेळायचं कुणासंगं? ऱ्हाऊ द्या दोनी संघ." जिंकणाऱ्याचाच शब्द, पंचांना मानावा लागला.

पावसाळ्याआधी इलाही गेला. त्याच्या जनाज्याला पहिला खांदा शिवलिंगाने दिला, म्हणे, आणि दुसरा मल्लाप्पाने. पुढच्या हंगामात शिवलिंगावर पहिला गोल झाला, तेव्हा लख्ख ऊन होतं, सगळ्यांना दिसलं होतं. तरी त्याने हात वर केला. त्याचं बघून बाकीचेही करू लागले.

आजही एखादा परगावचा गोलकीपर गोल खाऊन मान खाली घालून उभा राहतो. सगळं मैदान गप्प असतं. मग बांधावरून कुणीतरी मायेनं म्हणतं, "हात कर, बाबा. सगळ्यात जवळनं तूच बघितलंयस."